बापाची बाजू

माझ्या वडिलांनी माझं आयुष्य उद्ध्वस्त केलं, असं मी पंचवीस वर्षं लोकांना सांगत होतो. एकदाच ते त्यांच्यासमोर सांगितलं. त्यानंतर सांगणं बंद केलं.

मी नारायणगावात ज्युनिअर कॉलेजला मराठी शिकवतो. घर महाळुंगे पडवळला. दरवर्षी मी मुलांना एक जुनं, गाजलेलं शोकान्त नाटक शिकवतो. (नाव सांगत नाही. त्या नाटकानं माझं काही वाईट केलेलं नाही. केलं ते मीच!) त्यात एक करारी बाप आहे. मुलीला तिच्या प्रियकराचं आलेलं पत्र तो लपवून ठेवतो. मुलगी वाट बघून बघून खंगते, शेवटी विहीर जवळ करते, आणि पाचव्या अंकात बाप ते पत्र हातात धरून रंगमंचभर फिरतो.

हा अंक आला की माझा गळा दाटून येई. कारण मग मी पुस्तक मिटून स्वतःची गोष्ट सांगे. कॉलेजात असताना मी पुण्याच्या एका नाट्यसंस्थेत निवडचाचणी देऊन आलो होतो. त्यांचं पत्र घरी आलं आणि माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ते सरळ चुलीत घातलं. "पुण्याला जायाचं न्हाई. नाटकबिटक बंद!" एवढंच म्हणाले. झालं! रंगभूमी एका नटाला मुकली! (इथे वर्गातल्या मुली डोळे पुसत. मुलगे घड्याळ बघत.)

तर निरगुडसरच्या वाचनालयानं मला व्याख्यानाला बोलावलं. विषय मीच सुचवला: 'शोकान्त नाटकातील पित्याची व्यक्तिरेखा'. वेळ संध्याकाळी पाच. आईअण्णांनी मला चार लोकांत बोलताना कधी ऐकलं नव्हतं. म्हटलं, चला, एकदा बघू द्या आपला मुलगा काय चीज आहे! आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. अण्णांनी टोपी धुऊन घातली. दोघांना माझ्या सेकंडहँड गाडीत बसवलं आणि निघालो.

कळंबच्या पुढे अण्णांनी विचारलं, "कशावर बोलनार हायेस?"

"एका नाटकातल्या बापावर."

"काय केलं त्यानं?"

"मुलीचं पत्र लपवलं."

अण्णा खिडकीतून ऊस बघत राहिले. मग म्हणाले, "काहीतरी कारन आसंल त्याचं."

"काही कारण नाही अण्णा. अहंकार!"

मागच्या सीटवर आई जोरात खोकली. मी काच वर केली. मला वाटलं, धूळ.

मंडपात चाळीस-पन्नास माणसं होती. अध्यक्ष निवृत्त गुरुजी होते. त्यांनी माझी ओळख करून दिली आणि मग मोठ्या कौतुकानं म्हणाले, "सरांचे आईवडीलही आज आपल्यात आहेत!" दोघांना गुलाबाचं एकेक फूल दिलं. आई बायकांत जाऊन बसली, अण्णा शेवटच्या रांगेत खांबाला टेकून. तिथे त्यांनी डोळे मिटले. त्यांना ऐकू कमी येतं अशी माझी समजूत होती. (त्यांना फक्त माझंच ऐकू कमी येतं, हे पुढे कळलं.)

मी सुरुवात जोरात केली. पितृसत्ता, अहंगंड, शोकात्म जाणीव, एकेक शब्द असा फेकला की पहिल्या रांगेतल्या किसनबाबा नावाच्या म्हाताऱ्यांनी पटकाच काढून मांडीवर ठेवला. दहाव्या मिनिटाला त्यांनी हात वर केला.

"थांबा जरा, सर. ह्यो बाप कुन्या गावचा?"

"नाटकातला आहे, बाबा. काल्पनिक."

"आसू द्या की. जमीन बागायती का जिरायती?"

"त्याचा काय संबंध?"

"आसं कसं, राव? जिरायतवाल्याला वाटनारच, पोरगी बागायतदाराच्या घरी, पान्याखाली पडावी. त्यानं पत्र दडीवलं, त्यात काय चुकलं?"

"पान्याखालीच पडली की ती! हिरीत!" बायकांतून एक आवाज आला. "पोरीला इचारायला नको व्हय? पोरगी हाय का शेळी?"

मंडपाचे दोन तट पडले! पोस्टमननं पत्र पोरीच्याच हातात का दिलं नाही, विहिरीला कठडा कसा नव्हता, पोरगा स्वतः का आला नाही, त्याला येष्टी मिळत नव्हती का, अशा मूलभूत प्रश्नांवर चर्चा पेटली. (हे प्रश्न शंभर वर्षांत एकाही समीक्षकाला पडलेले नाहीत.) मी माइकवर "शांतता! शांतता!" म्हणत राहिलो.

"पोरीची आई कुठं व्हती?" किसनबाबांनी विचारलं.

"वारलेली असते. पहिल्या अंकाच्या आधीच."

"म्हंजी बापानं एकट्यानं वाढवली व्हय पोर!" किसनबाबांचा आवाज कातर झाला. "आरारा! लई सोसलं की मानसानं!"

सगळ्या मंडपानं "चक् चक्" केलं. माझा खलनायक माझ्या डोळ्यांदेखत संत होत चालला! अध्यक्ष घड्याळ बघू लागले. मग मी घाबरलो, आणि घाबरलेला वक्ता करतो तेच केलं. हुकमी गोष्ट बाहेर काढली.

"मंडळी, तुम्ही नाटकातल्या बापाचं सोडा! मी स्वतः भोगलंय! माझ्याही आयुष्यात एक पत्र आलं होतं…"

मी सांगत गेलो. पुणे, निवडचाचणी, पत्र, चूल. नेहमीच्या जागी गळा दाटला, नेहमीच्या जागी मी थांबलो. वर्गात जमायचं तसंच जमलं. आणि मग सगळी डोकी एकदम मागे वळली. कारण गुलाबाचं फूल घेतलेला तो बाप कोण, हे अध्यक्षांनी आधीच सगळ्यांना दाखवून ठेवलं होतं!

अण्णांचे डोळे उघडे होते.

किसनबाबांनी विचारलं, "भाऊ, खरं हाय का ह्ये?"

अण्णा खांबाला धरून उभे राहिले. हातातलं फूल कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. "व्हय," ते म्हणाले. "म्या जाळलं पत्र. चुकलं आसंल." आणि खाली बसले.

मी विजयी व्हायला हवं होतं. पण शहात्तर वर्षांचा माणूस, धुतलेली टोपी घालून आलेला, परक्या गावात पन्नास लोकांसमोर चूक कबूल करत होता, आणि त्याला मीच गाडीत घालून तिथे आणलं होतं. पुढचा मुद्दा आठवेना.

तेवढ्यात बायकांत आई उठली.

"अवं, सांगा की आता! का मी सांगू?"

"गप ऱ्हा," अण्णा म्हणाले.

"पंचीस वर्सं गपच हाये! दिन्या, आरं नापास केलता तुला त्या लोकांनी!"

"काय?" मी म्हणालो. माइक चालू होता. माझं 'काय' कर्ण्यातून निघालं, समोरच्या देवळावर आपटलं आणि परत आलं.

"काय न् काय! घ्यायाचं न्हाई म्हून पत्र आलतं! ह्यांनी चारदा वाचलं. आदल्या वर्सी कालिजाच्या नाटकात घेतलं न्हाई, तवा आठ दिस जेवला न्हवतास तू. म्हून ह्ये म्हनले, पोराला कळाया नको, जिवाला लावून घील. बाप वंगाळ ठरला तर ठरू दे. दोन दिस रुसंल आन् ईल ताळ्यावर. दोन दिस!"

मंडपात कुणीतरी खुदकन हसलं.

"पन लिवलं काय व्हतं पत्रात?" किसनबाबा मुद्दा सोडणाऱ्यांतले नव्हते.

अण्णा पुन्हा उठले. माझ्याकडे बघितलं. "तसं वंगाळ काय न्हवतं," ते घाईघाईनं म्हणाले. "आवाज चांगला हाय म्हनले व्हते."

"आन् म्होरं?" आई.

"म्होरलं काय ध्यानात न्हाई."

"माज्या हाय! चेहऱ्यावर काहीच दिसत नाही, आसं लिवलं व्हतं!"

हशाचा असा लोट आला की माइकचा स्टँड हलला. पंचवीस वर्षांपूर्वी त्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं म्हणे. त्या संध्याकाळी शेवटच्या रांगेपर्यंत सगळं स्पष्ट दिसत असणार! एकच माणूस हसत नव्हता, तो म्हणजे अण्णा. ते हात खालीवर करून लोकांना थांबवत होते, "हसू नका, आवो, हसू नका. ल्हान व्हता त्यो."

अध्यक्षांनी घाईनं आभार मानले. शाल माझ्यासाठी आणली होती, पण किसनबाबांनी ती मधेच घेतली आणि थेट मागे जाऊन अण्णांच्या खांद्यावर टाकली. टाळ्या पडल्या. मला नारळ दिला. ('नारळ देणे' हा वाक्प्रचार मी दरवर्षी अर्थासह शिकवतो. वाक्यात उपयोग इतका चपखल कधी झाला नव्हता.)

परतीच्या वाटेवर कळंब जवळ आल्यावर मी विषय काढला.

"अण्णा, मला सांगायचं तरी ना! एवढ्या वर्षांत कधीतरी!"

"कवा सांगायचं? तू बोलायचा थांबशील तवा ना."

"मी वर्गात पण सांगायचो. दरवर्षी."

"ठावं हाय."

"तुम्हाला कसं?"

"नारायनगावला टमाटी घिऊन आलतो. तुज्या कालिजातली एक पोरगी तिच्या बापाबरूबर आली व्हती. म्हनली, सरांचे वडील ना तुमी? म्हनलं, व्हय. तोंड फिरवून गेली बिचारी." अण्णांनी खांद्यावरची शाल सारखी केली. "तवा समाजलं. चार-पाच वर्सं झाली आसत्याल."

चार-पाच वर्षं! त्यानंतरही रोज सकाळी मी कॉलेजला निघालो की हा माणूस दारात येऊन विचारायचा, "डबा घेतला का?" मी होती तिथेच गाडी थांबवली. सगळं मराठी विसरलो होतो.

"अण्णा, चुकलं माझं. लई चुकलं."

"बरं," अण्णा म्हणाले. "गाडी घे म्होरं. मागं दुदाचा टेम्पो खोळांबलाय."

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळं खरंखरं सांगायचं, असं मी रात्रभर घोकून ठेवलं होतं. गरज पडली नाही. बातमी माझ्याआधी नारायणगावला पोचली होती. मी वर्गात शिरलो तर मुलगे पहिल्यांदाच घड्याळाकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

सहामाहीला मी नेमाप्रमाणे प्रश्न घातला: 'नाटकातील पित्याचे स्वभावचित्र रेखाटा. गुण दहा.' निरगुडसरहून येणाऱ्या एका मुलीनं उत्तराचा शेवट असा केला होता: 'बाप पत्र लपवतो तेव्हा त्यामागे माया असू शकते. सामान्य मुलांना हे लवकर समजते. परंतु मुलगा मराठीचा शिक्षक असल्यास पंचवीस वर्षे लागतात.'

लाल पेन हातात घेऊन मी अर्धा तास एखादी चूक शोधली. मग दहापैकी दहा दिले. शुद्धलेखनसुद्धा बरोबर होतं!