तीन बोटं कापड

कुलपांच्या दुकानावर एकोणीस पायऱ्या चढून गेलं की टाचणीबाईंची खोली लागते. लग्नाचे गाऊन आणि करवल्यांचे ड्रेस मापात आणणं हे त्यांचं काम. नवीन काही त्या शिवत नाहीत. काम करताना ओठांत चार-पाच टाचण्या धरलेल्या असतात, त्यावरून हे नाव पडलं. खरं नाव वीजबिलावर आहे. गाऊनची उंची पाहायला त्या नवरीला या पायऱ्या उतरायला लावतात. एका हाताने कठडा धरून, घेर न उचलता जी खाली पोचते, तिची उंची बरोबर.

शेजारच्या मशीनवर त्यांची नणंद बसते. तिच्या मते, वहिनीच्या तोंडात टाचण्या आहेत तोवरच गिऱ्हाईक टिकतं.

टाचणीबाई आता त्रेपन्न वर्षांच्या आहेत. अठराव्या वर्षी शर्टांच्या कारखान्यात लागल्या आणि नऊ वर्षं त्यांनी फक्त कॉलर शिवली. अख्खा शर्ट कसा होतो ते कधी पाहिलंच नाही, असं त्या सांगतात. मग ही खोली घेतली. पहिल्याच वर्षी आलेल्या एका नवरीचा गाऊन सव्वीस वर्षांनी, मागच्या महिन्यात, परत आला. सोबत ती नवरी होती आणि तिची मुलगी. मुलीचं लग्न बारा दिवसांवर होतं. चार करवल्यांचे ड्रेस तयार होऊन दांडीवर लटकत होते. राहिला होता तो आईचा गाऊन.

मुलगी पोहायला शिकवते. खांदे रुंद, पाठ भरलेली. अंगात घातलेल्या गाऊनची मागची चेन कमरेपासून वर सरकली आणि पाठीच्या मध्यावर थांबली. वर तीन बोटं फट.

"महिनाभर सकाळचं खाणं बंद आहे माझं," मुलगी म्हणाली. "अजून बारा दिवस आहेत. रात्रीचंही बंद करते."

"हिच्या वयात मला हा ढगळ होता, ताईंनीच आत घेतला," आई म्हणाली.

"आई, तू दिवसभर टायपिंग करायचीस. मी पोरं उचलते पाण्यातून."

टाचणीबाईंनी गाऊन उतरवून घेतला आणि उलटा केला. शिवणीच्या आत दोन्हीकडे जादा कापड सोडायचं असतं. कपडा पुढे सैल करायचा झाला तर तेच उसवून बाहेर काढतात. इथे ते जेमतेम दोराभर उरलं होतं, आणि कापणारी कात्री कोणाची हे त्यांना विचारावं लागलं नाही. कॉलर सपाट बसावी म्हणून आतलं कापड कापून टाकायचं, हे नऊ वर्षांत हाताला लागलेलं वळण. सव्वीस वर्षांपूर्वी या पातळ साटिनलाही त्यांनी कॉलरसारखंच कापलं होतं.

"तुमच्याच हातचं आहे ताई," आई म्हणाली. "शिवण बाहेरून कळतसुद्धा नाही. अजून सगळ्यांना सांगते मी."

नणंदेने मशीन थांबवलं आणि हळूच म्हणाली, "वहिनी, वजनाचं सांगा आणि मोकळ्या व्हा. सगळे तेच सांगतात."

मुलगी आरशासमोर पोट आत घेऊन उभी होती. टाचणीबाईंनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या.

"तू खाणं सुरू कर," त्या मुलीला म्हणाल्या. "तुझ्यात काही कमी-जास्त नाही. आतलं कापड मी कापलंय. तेव्हा नवी होते, बाहेरून सुबक दिसावं एवढंच डोक्यात होतं. चूक माझी."

आईने उलट्या गाऊनच्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे सव्वीस वर्षं मी तुमच्या चुकीची जाहिरात केली."

"तीही फुकट," नणंद म्हणाली.

मुलगी हसली. महिनाभर आत ओढलेलं पोट तिने सोडलं. "मग आता? तयार गाऊन मिळेल दुकानात. पण मला हाच घालायचा होता."

टाचणीबाईंचं बोट गाऊनच्या कमरेवर गेलं. तिथे मागे हातभर रुंदीचा बो होता, फुलपाखरासारखी गाठ, त्याच साटिनची, दुहेरी. "हा तुमच्या सासूबाईंनी लावायला लावला होता."

"काढा," आई म्हणाली. "पाठीवर पार्सल बांधल्यासारखी दिसत होते मी."

बो उसवला. दोन पट्ट्या निघतील एवढं कापड मिळालं. काखेपासून कमरेपर्यंत दोन्ही बाजूंना एकेक पट्टी घातली की काम झालं असतं. पण घडीच्या आतलं ते कापड नव्यासारखं पांढरं राहिलं होतं आणि गाऊन कधीच सायीच्या रंगावर आला होता. पट्टी ठिगळासारखी दिसली असती. रंग चहाच्या पाण्याने आणायचा, आणि एकदा बिघडला की दुसरं कापड नाही.

त्यांनी कडेचे नखाएवढे तीन तुकडे कापले. पहिला तपकिरी झाला. दुसरा ओला असताना बरोबर वाटला, वाळल्यावर पिवळा पडला. तिसऱ्याला पाणी गाळून गार केलं, चहा अर्धा चमचाच, आणि चाळीस आकडे मोजून तुकडा बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी तो खिडकीशी नेऊन गाऊनवर ठेवला. नणंदेला बोलावलं. तुकडा कुठे आहे ते तिला हाताने चाचपून शोधावं लागलं.

"आता पट्ट्या बुडवा," ती म्हणाली. "मोजते मी. तुमचं लक्ष भलतीकडे जातं."

लग्नाला पाच दिवस असताना मायलेकी परत आल्या. चेन वरपर्यंत गेली. मुलीने दोन्ही हात पोहताना करतात तसे डोक्यावरून फिरवले, दोनदा. शिवण जागची हलली नाही. आईने काखेखाली डोळे नेऊन पट्टी शोधली, मग चष्मा लावून शोधली.

"आत किती सोडलंय?" तिने विचारलं.

"बसलं तेवढं सगळं."

मुलगी एकोणीस पायऱ्या उतरून वर आली. तोवर दुपार झाली होती आणि नणंदेने डबा उघडला होता.

"त्यात माझ्यापुरतं आहे का काही?" मुलीने विचारलं.

"आहे," नणंद म्हणाली. "आधी तो गाऊन काढ."