खोडायचं ते एका रेघेनं

आमच्या मोजमापाच्या खोलीत खाडाखोडीचा एक नियम होता. आकडा चुकला तर तो गिरवायचा नाही, खरवडायचा नाही, वर पांढरा रंग फासायचा नाही. त्यावर आडवी एकच रेघ मारायची, खालचं चुकलेलं वाचता येईल अशी. शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. मी तिथे लागले त्या पहिल्याच दिवशी काकांनी मला हे शिकवलं. "चूक पुढच्या माणसाला वाचता आली पाहिजे," ते म्हणाले होते. "नाहीतर त्याला वाटेल, इथे सगळे देवच बसतात."

काका म्हणजे माझे सख्खे काका, वडिलांचे धाकटे भाऊ. कारखान्यात त्यांना सगळे 'मायक्रॉन' म्हणत. केसाच्या जाडीचे साठ-सत्तर भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन, आणि तेवढा फरक काका नुसत्या बोटांनी ओळखतात अशी त्यांची ख्याती होती. थापच होती ती, पण काकांनी कधी नाकारली नाही. आमची खोली तळमजल्यावर, बंद खिडक्यांची, बारा महिने वीस अंशांवर ठेवलेली. इतर कारखान्यांतली मापं, गेज, वर्षातून एकदा आमच्याकडे तपासायला येत. आम्ही ती मोजून प्रमाणपत्र द्यायचो. खाली काकांची सही असली की कुणी पुन्हा विचारत नसे. घरीही तोच खाक्या. काकू म्हणायची, "ह्यांना चहा दिला की आधी चमच्याकडे बघतात, मग माझ्याकडे."

तीन वर्षांपूर्वी, ज्यावर ठेवून मापं तपासतात ती ग्रॅनाइटची जड पाटी सरकवताना त्यांच्या मणक्यातली चकती सरकली. चार माणसांचं काम त्यांनी एकट्यानं केलं होतं, कारण बाकीचे धक्का देतील, पाटीची पातळी बिघडेल. डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी लिहून दिली. ते पाच दिवस तीन वर्षं चालले. आधी पाठ दुखते म्हणून घेत, मग दुखेल म्हणून, आणि पुढे पुढे पाठीचा संबंधच उरला नाही. गोळी चुकली की नाक गळायचं, पोट ढवळायचं, सांधा न् सांधा ठणकायचा. दिवसाला दोनाच्या वीस झाल्या. एका दुकानदाराला संशय येऊ नये म्हणून सहा दुकानं झाली. यातलं आम्हाला काहीही ठाऊक नव्हतं. आम्हाला वाटायचं, वयानं चिडचिडे झालेत.

मला कळलं ते एका तापमानामुळे. एके दिवशी आमचा एसी बंद पडला. खोली सव्वीस अंशांवर गेली आणि दिवसभराचं काम थांबलं. आठवड्यानं त्याच तारखेचं, काकांच्या सहीचं, बारा गेजचं प्रमाणपत्र माझ्या हाती आलं. तापमानाच्या रकान्यात २०.३. मी मागच्या वर्षीची फाइल काढली. बारा गेज, बाराही आकडे शेवटच्या अंकापर्यंत तेच, आणि तापमानही २०.३. काकांनी काहीच मोजलं नव्हतं. थरथरत्या हातांनी मोजता येत नाही, म्हणून जुनं उतरवून काढलं होतं, तापमानासकट.

मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. ते दुसऱ्या कुणाचं अक्षर वाचावं तसे वाचत राहिले.

"त्या दिवशी एसी बंद होता, काका."

"हो," ते म्हणाले. मग त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला. मापं पुसायच्या मऊ कापडाखाली गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा होत्या, एकावर एक, कडा जुळवून रचलेल्या. माणूस एवढा ढासळला होता, पण रचना सरळच.

साहेबांना एकाच प्रमाणपत्राचं कळलं. त्यांनी अट घातली: व्यसन सुटल्याचा हॉस्पिटलचा कागद आणा, मग नोकरीचं बघू.

काकूला काकांनी बरोबर येऊ दिलं नाही. "माझं नाक गळताना तू बघायचं नाहीस."

"तीस वर्षं बघतेय."

"ते सर्दीचं. हे नाही."

म्हणून मी गेले. वॉर्डात सहा खाटा, प्रत्येकीच्या पायथ्याशी क्लिपबोर्डवर तक्ता. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: बाहेरची गोळी सापडल्यास खाट त्याच दिवशी रिकामी करावी लागेल. काकांनी ते वाचलं आणि मान हलवली, नियम आवडला असावा तशी.

तिथल्या सिस्टर पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलायला तिखट. त्यांनी पिशवी उपसून तपासली, अगदी साबणाची डबीसुद्धा, आणि विचारलं, "शेवटची गोळी कधी?"

"आज संध्याकाळी सहाला. तीन."

तेव्हा ते खरं होतं.

"आता नीट ऐका, काका. अंगातली गोळी उतरून त्रास सुरू झाला की मगच आम्ही आमची देणार. ती त्रास आवरते आणि मग आम्ही ती हळूहळू कमी करतो. पण घाईनं दिली, तर अंगात उरलेल्या गोळीला ती धक्के मारून बाहेर काढते. जे दोन दिवसांत सावकाश यायचं ते अर्ध्या तासात अंगावर येतं. मग मला शिव्या द्यायच्या नाहीत."

"मी शिव्या देत नाही."

"सगळे असंच म्हणतात. दुसऱ्या दिवशी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात."

रात्री मी काकूकडे परतले. पहाटेपर्यंत काकांना जांभया आणि घाम सुरू झाला. सहा वाजता त्यांनी वॉर्डातल्या फोनवरून काकूला सांगितलं की कामाचा चष्मा राहिलाय, कपाटातली काळी डबी पाठव. काकूनं ती न उघडता माझ्या हातात दिली. पावणेसातला मी हॉस्पिटलच्या जिन्यात होते. चष्मा डबीत कापडात गुंडाळलेला असतो, तो वाजत नाही. ती डबी वाजली. मी जिन्यात थांबले, पुन्हा हलवली, पुन्हा वाजली. उघडली नाही. उघडली असती तर काकांना विचारावं लागलं असतं, आणि ज्यांनी मला मायक्रोमीटर धरायला शिकवलं त्यांना तो प्रश्न विचारायची माझी छाती नव्हती. दारात सिस्टरांनी "काय आहे?" म्हटलं. "चष्मा," मी म्हणाले, आणि त्यांनी जाऊ दिलं.

दहा वाजता त्या तक्ता घेऊन आल्या. त्यात दर चार तासांनी गुण द्यायचे: नाडी, घाम, जांभया, हातांची थरथर, डोळ्यांची बाहुली. बेरीज पुरेशी चढली की औषध.

"रात्री शेवटची गोळी सहाला म्हणालात. त्यानंतर काही?"

"काही नाही."

त्यांनी लिहिलं: शेवटची गोळी काल सं. ६. "त्रास कितपत?"

"भयंकर. हाडं मोडतायत. द्या तुमची गोळी."

सिस्टरांनी त्यांच्या हातावर बोटं फिरवली. कोरडा. नाडी मोजली. मग खिशातून एक कार्ड काढलं. त्यावर दोनपासून सहा मिलिमीटरपर्यंतचे काळे ठिपके छापलेले होते. ते काकांच्या डोळ्याशेजारी धरलं.

"सकाळी सहाला तुमचे गुण नऊ. आता तीन. घाम आटला, जांभया गेल्या, बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी, दोनचीही नाही. गंगा उलटी कशी वाहायला लागली?"

"ते कार्डच चुकीचं आहे," काका म्हणाले.

"काय?"

"छपाई पसरलीये. तिनाचा ठिपका तिनाचा नाही, सव्वातिनाचा आहे. असल्या मापानं तुम्ही माणसं मोजता?" त्यांचा आवाज चढला. शेजारच्या खाटेवरचा ड्रायव्हर उठून बसला. "ही माझी पुतणी. हीही मोजमापातली आहे. तू सांग गं यांना."

कार्ड माझ्या हातात आलं. काकांचं बरोबर होतं. ठिपक्याची कड खरंच पसरली होती. पण ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत बाहुल्या जवळजवळ नव्हत्याच. आयुष्यभर ज्या नजरेनं त्यांनी दुसऱ्यांची मापं खोटी ठरवली, ती नजर आता माझ्याकडे भीक मागत होती. मला त्यांची लाज वाटली. मग कानात ती डबी वाजली आणि माझी वाटली.

"कार्ड चुकलंय, काका," मी म्हणाले. "पण एवढं नाही चुकलेलं."

ड्रायव्हरनं भिंतीकडे तोंड केलं. सिस्टर उभ्याच होत्या. त्यांना कळलं होतं, पण त्या काकांच्या तोंडून निघायची वाट बघत होत्या. भिंतीवरचा नियम मला दिसत होता, काकांनाही दिसत असणार. खाट गेली की कागद गेला, कागद गेला की नोकरी. आणि काका गप्प राहिले, तर कुणीतरी इथली गोळी वेळेआधीच त्यांच्या जिभेखाली ठेवेल.

काकांनी हात पुढे केला. "पेन."

तक्ता मांडीवर घेऊन त्यांनी 'काल सं. ६' वर आडवी एक रेघ मारली. एकच. शेजारी लिहिलं: 'आज सकाळी ७, बाथरूममध्ये, तीन'. खाली सही केली. उशीच्या अभ्र्यातून चष्म्याची डबी काढून सिस्टरांच्या हातात दिली. आत अजून सात होत्या.

"डबी मी आणली," मी म्हणाले.

"तिला माहीत नव्हतं," काका घाईनं म्हणाले.

"माहीत होतं. जिन्यात वाजली होती."

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. स्वतःची चूक लिहिताना जी मान ताठ होती ती आता खाली गेली. त्यांच्यामुळे मीही खोटं माप पुढे सरकवलं होतं.

सिस्टरांनी सुस्कारा सोडला. "आणि दारात ती मी उघडली नाही. साबणाची डबी उघडते शहाणी. तिघंही एकाच माळेचे मणी."

साडेदहाला डॉक्टर आले. तरुण होते, डोळ्यांखाली काळं. त्यांनी तक्ता बराच वेळ वाचला.

"ही सही कुणाची?"

"माझी," काका म्हणाले. "दुरुस्ती केली की करतात."

"आमच्याकडे पांढरी शाई लावतात."

"लावू नये."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या नियमाकडे पाहिलं, मग सिस्टरांकडे. सिस्टर खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं असल्यासारख्या बघत होत्या. "नियमात सापडल्यास असं लिहिलंय," डॉक्टर शेवटी म्हणाले. "हे सापडलेलं नाही, दिलेलं आहे. घड्याळ सात वाजल्यापासून धरा. पुन्हा झालं तर मात्र पिशवी भरायची, काका."

दुपारी तीननंतर सुरू झालं. आधी जांभया, इतक्या की जबडा दुखावा. मग नाक, डोळे, घाम. अंगावर शहारे उठले ते बसेनात. पाय आपोआप झटकले जात. दोनदा बाथरूमपर्यंत पोचले, तिसऱ्यांदा पोचले नाहीत. "तिकडे बघ," ते म्हणाले. मी खिडकीकडे तोंड केलं. सिस्टरांनी चादर बदलली, बदलताना ड्रायव्हरशी मुद्दाम मोठ्यानं भांडण काढलं, त्यानं रात्री रेडिओ लावला म्हणून. काकांना कुणी ऐकू नये, एवढ्यासाठीच.

पाचच्या सुमाराला काका म्हणाले, "कागद घे. लिही."

त्यांनी एक नंबर सांगितला. तो मला ओळखीचा होता, एसी बंद पडलेल्या दिवसाच्या प्रमाणपत्राचा. मग दुसरा सांगितला. मग तिसरा, चौथा. दात वाजत होते, पण प्रत्येक नंबर शेवटच्या अंकापर्यंत बरोबर.

"चार?" मी विचारलं.

"चार. साहेबांना दे."

"आधी इथला कागद तर मिळू दे. चार म्हटल्यावर ते ठेवणार नाहीत, काका."

"नाही ठेवणार," ते म्हणाले, आणि पाय पोटाशी घेऊन पडून राहिले. मग म्हणाले, "सगळी माघारी मागवा. तू मोज. आकडे मला सांगू नकोस."

सात वाजता बारा तास झाले. सिस्टर आल्या, गुणांची बेरीज केली: सतरा. कार्ड डोळ्याशी धरलं.

"पाच."

"तुमच्या कार्डावरचे पाच," काका पुटपुटले. "म्हणजे सव्वापाच."

"जीव चाललाय, पण खोड नाही गेली," सिस्टर म्हणाल्या. "आ करा. जिभेखाली ठेवायची. गिळायची नाही, आणि मुख्य म्हणजे बोलायचं नाही."

तासाभरात पाय थांबले. काका झोपले नाहीत, नुसते पडून राहिले. मी चार नंबरांचा कागद घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो साहेबांच्या टेबलावर ठेवला.

साहेबांचं उत्तर अजून आलेलं नव्हतं, तेव्हा चौथ्या दिवशी काकांनी काकूला येऊ दिलं. दाढी करून, चादर ओढून बसले होते. काकू आली, खाटेच्या पायथ्याशी थांबली, आणि तिथला क्लिपबोर्ड उचलला. तिला वाचायला चष्मा लागतो. तिनं काकांच्या नाकावरचा काढून आपल्या नाकावर ठेवला. पहिल्या ओळीपासून बोट फिरवत खाली येऊ लागली. मला वाटलं, काका तक्ता मागतील. मीच पुढे होऊन घ्यावा, असंही वाटून गेलं.

तिचं बोट थांबलं.

"हे काय खोडलंय?"

काकांचे कान लाल झाले होते. चष्म्याविना त्यांना ती नीट दिसतही नसावी.

"वाचता येतंय ना?" ते म्हणाले. "मग वाच."