देवमासा पाहून आल्यावर

माझी मुलगी नॉर्वेच्या पार उत्तरेला, एका बंदराच्या गावात नोकरी करते. मागच्या उन्हाळ्यात तिनं हट्टानं मला बोलावून घेतलं. कोपरगावजवळच्या आमच्या वस्तीवरून मी एकटीच गेले. हे आले नाहीत. दुधाच्या जर्सी गाया कुणावर सोडायच्या, म्हणाले.

एका सकाळी तिनं मला देवमासे दाखवणाऱ्या बोटीत बसवलं. बराच वेळ नुसतं करडं पाणी. मग बोटीचं इंजिन बंद झालं आणि समोर पाठ दिसली, ओल्या खडकासारखी. त्यानं श्वास सोडला आणि पाण्याचा फवारा उडाला. गाभण गाय बसल्या जागी उसासा टाकते, तसला आवाज. मला एकदम घरचं वाटलं. जनावर निवांत पडून दम घेत होतं. आम्ही एवढी माणसं बघतोय, त्याचं त्याला काहीच नव्हतं. मग त्यानं पाठ वाकवली, शेपटी सबंध वर उचलली आणि सावकाश खाली गेलं. माझे हात आपोआप जोडले गेले.

उतरलो तिथंच मासळीचं दुकान होतं. बर्फावर गडद तांबडं मांस, मागं एक बाई उभी. मुलगी जरा घुटमळली.

"आई, हे देवमाशाचं आहे. आपण पाहिला तो नाही, लहान जातीचा. त्याची शिकार इथं कायद्यानं चालते."

"एवढं शांत जनावर मारताना जीव कसा धजतो? इचार तिला."

बाई माझ्याच वयाची. रागावली नाही. तिचे वडील शिकारीच्या बोटीवर होते. बार नीट बसला नाही तर जनावर तडफडतं, हेही तिनं लपवलं नाही. मग तिनं माझ्याबद्दल विचारलं, आणि मुलीनं आमच्या गोठ्याचं सांगितलं. त्यावर ती जे बोलली, ते मुलगी मला सांगेना.

"सांग की."

"ती विचारतेय, गाईला गोऱ्हा झाला तर त्याचं काय करता?"

"आमी कापत न्हाई, म्हनावं."

बाईनं परत विचारलं, "मग पाळता का?"

मी मुलीचा हात धरून बाहेर आले.

दिवाळीच्या सुमारास आमच्या एका गाईला गोऱ्हा झाला. कपाळावर पांढरा ठिपका, पाय लटपटणारे. मी म्हणाले, "ह्यो ठेवायचा."

यांनी वाद घातला नाही. "ठेवू. म्होरच्या गाईचाबी ठेवू. मग गायांना काय घालायचं, ते तूच सांग."

वैरण विकतची होती आणि ती गायांनाच पुरत नव्हती. जर्सीचा गोऱ्हा औतालाही चालत नाही. थोडे दिवस मी त्याला बाटलीनं दूध पाजलं. मग एका सकाळी टेम्पो आला.

"कुठं नेतोस रे?" मी ड्रायव्हरला विचारलं.

त्यानं टेम्पोचा मागचा फाळका पाडला. "मावशी, आजवर कुनीच इचारलं न्हाई. तुमी तरी कशाला इचारता?"

यांनी गोऱ्ह्याला उचलून आत ठेवलं. मी आडवी गेले नाही. गाय दिवसभर हंबरत राहिली. संध्याकाळी तिनं पान्हा चोरला. दुसऱ्या दिवशी मात्र कासेला हात लावताच दूध आलं, रोजच्यासारखं, आणि मी ते काढत बसले.