मकासाहेबाच्या मृत्युपत्रातला शब्द

माझ्या आईच्या आजीचा बाप स्कॉटलंडचा होता. हे वाक्य गेल्या दोन वर्षांत मी इतक्या जणांना ऐकवलंय, की मी लिफ्टमध्ये शिरले की सोसायटीतल्या बायका फोनमध्ये डोकं खुपसतात. त्याआधी मात्र साठ वर्षं आमच्या घरात हे कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. 'ती साहेबाकडची', एवढंच म्हणायचे, आणि तेही आवाज खाली आणून.

साहेबाला घरात मकासाहेब म्हणत. आईचं माहेर पुण्याच्या मंडईतलं, भाजीचा गाळा. तिथे माणसाला त्याच्या मालावरून हाक मारायची पद्धत. एक लसूणवाले मामा होते, एक आलंवाली मावशी होती. तसा हाही मका विकत असेल, असं मी धरून चालले होते. गोऱ्या साहेबाला मंडईत कणसं विकायची काय गरज पडली, हा प्रश्न मला पडला नाही. मी लहान होते म्हणून सोडून द्या म्हटलं असतं, पण पुढे मी चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि तेव्हाही पडला नाही.

निवृत्त झाल्यावर एकदा मी आणि आई मटार सोलत बसलो होतो, तेव्हा आईने सहज ते अख्खं नाव म्हणून दाखवलं. तिची आजी ते एका दमात म्हणायची. घरच्यांना त्यातला मका तेवढा कळला, पुढचं त्यांनी टाकून दिलं. आईला मात्र सगळं पाढ्यासारखं पाठ होतं. मी मटार तसेच ठेवले आणि कॉम्प्युटर उघडला. मका नव्हे, मॅक! मॅक म्हणजे 'अमक्याचा मुलगा', असं तिथे लिहिलं होतं. आधी मला हसू आलं आणि मग संताप. स्वतःच्या नावात बाप घेऊन फिरणारा हा माणूस पोरीला बापाच्या नावाशिवाय मंडईत टाकून निघून गेला होता.

आईने मग सगळं सांगितलं. साहेब कालव्याच्या कामावर ओव्हरसियर होता. आईच्या आजीची आई त्याच्या बंगल्यावर स्वयंपाक करायची. आजी सहा वर्षांची असताना तो मायदेशी परत गेला. जाताना म्हणाला, "कागदावर तुझं नाव घालीन." आजीच्या लग्नात तिच्या मामाने बाप म्हणून स्वतःचं नाव लावलं. मंडईत कुणाशी भांडण झालं की समोरची बाई पहिलं हेच काढायची, "आधी बापाचं नाव सांग." आजी कधी उलटून बोलली नाही. ती म्हणायची, कागद येईल. शेवटच्या आजारातसुद्धा तिने आईला विचारलं होतं, कागद आला का? आई तेव्हा बारा वर्षांची होती. आज ती शहाऐंशीची आहे.

"त्याने लिहिलं की नाही, एवढंच बघ," आई म्हणाली. "बाकी त्याचा जमीनजुमला मला नको."

"आणि नसलं लिहिलं तर?"

"तर तसं सांग. मी काय रडणार आहे?"

ती रडली असती, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

स्कॉटलंडचे कागद घरबसल्या बघता येतात, याचं मला भारी कौतुक वाटलं. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या, शिरगणतीची पानं, लग्नाच्या नोंदी, मृत्युपत्रं, सगळं स्कॅन करून ठेवलंय. पण त्या नावाची माणसं शेकड्यांनी! त्यात कुणी मॅक पूर्ण लिहिलाय, कुणी नुसता एम आणि वर चिमुकला सी, तर कुणी एम लिहून पुढे टिंबच मारलंय. मला आश्चर्य वाटलं ते बायकांचं. तिथल्या नोंदीत लग्न झालेली बाईसुद्धा माहेरच्या आडनावाने सापडते, अगदी मेल्यावरही. इथे माझ्या वडिलांच्या आजीचं माहेरचं आडनाव आम्हाला कुणाला सांगता येत नाही.

आता पहिली लाज सांगते. त्या शेकड्यांतला एक माझ्या मनात भरला. त्याच्या बापाचं दगडी घर होतं, घराला नाव होतं, घरात चार नोकर होते. वर्षभर मी त्याच्याच मागे लागले. तो पुण्याला आल्याचा एकही पुरावा नव्हता, तरी सोसायटीच्या हळदीकुंकवात मी त्या घराचा फोटो सगळ्यांना दाखवला. "म्हणजे तुम्ही जहागीरदारच की हो," शेजारीण म्हणाली. चेष्टेत म्हणाली हे मला कळलं, आणि तरीही मी सुखावले.

शेवटी तिथल्या एका वंशावळ मंडळात विनामूल्य काम करणाऱ्या एका बाईंना मी ईमेल केली. त्यांनी माझा जहागीरदार दोन ओळींत निकालात काढला. तो आयुष्यात कधी जहाजावर चढला नव्हता. खरा मकासाहेब त्यांनी पंधरा दिवसांत शोधला. एका जमीनदाराकडे नांगर धरणाऱ्या गड्याचा मुलगा, परत गेल्यावर लग्न न करता बहिणीच्या घरी राहिला आणि तिथेच वारला. मृत्युपत्रात त्याने स्वतःची ओळख 'पूर्वी पुण्यात होतो' अशी दिली होती. बाईंनी त्या पानाचा फोटो पाठवला.

मी तो पडद्यावर मोठा करून अक्षर अक्षर लावत गेले. बहिणीला घरातलं सामान. भाच्याला अवजारं. आणि मग आजीचं नाव! चुकीच्या स्पेलिंगमध्ये, मधलं एक अक्षर गाळून, पण तिचंच. 'माय नॅचरल डॉटर इन पूना', हिला माझं चांदीचं घड्याळ. ते घड्याळ तिच्यापर्यंत कधी पोचलं नाही. मी खुर्चीतून ओरडलेच, "आई, लिहिलंय गं!"

आई भिंत धरत आली. "काय लिहिलंय? नीट सांग."

नॅचरल डॉटर. मी क्षणभरही थांबले नाही. दत्तक नाही, मानलेली नाही, स्वतःची. मराठी शिकवलेल्या बाईला त्यासाठी शब्द शोधावा लागत नाही. "पोटची मुलगी म्हणालाय," मी सांगितलं. "पुण्यातली माझी पोटची मुलगी."

आई खाली बसली. पदर तोंडाला लावून पुष्कळ वेळ रडली. मग उठून तोंड धुतलं आणि मला पेढे आणायला पिटाळलं. संध्याकाळपर्यंत आमच्या मजल्यावरच्या चारही घरांत पेढे पोचले होते आणि प्रत्येक दारात आई म्हणत होती, "पोटची म्हणालाय हो. कागदावर."

मी ते आईच्या माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. लांबलचक लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. माझा मावसभाऊ वकील आहे. त्याने विचारलं, "इंग्रजीत नेमका शब्द काय आहे? पानाचा फोटो टाकतेस?" मला ते झोंबलं. मी लिहिलं, "शब्दांचं मला शिकवू नये. चौतीस वर्षं तेच केलंय." त्यावर तो "बरं" एवढंच म्हणाला. सहा जणांनी माझ्या उत्तरावर टाळ्या पाठवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईंची ईमेल आली. फार सभ्य भाषेत. घाईत पान पाठवलं, एक खुलासा राहून गेला, असं त्यांनी लिहिलं होतं. त्या काळच्या कायद्याच्या भाषेत 'नॅचरल' म्हणजे लग्नाबाहेर झालेली. अनौरस. हे वाचून तुम्हाला वाईट वाटू नये, तेव्हा बरेच लोक असं अपत्य कागदावर आणतच नसत, असंही पुढे होतं. ते मी वाचलं आणि सोडून दिलं. मला फक्त अनौरस दिसत होतं.

कान तापले माझे. ग्रुप उघडला. माझी ती लांबलचक पोस्ट, खाली हार, फुलं, जोडलेले हात, आणि त्या सगळ्यांत मावसभावाचं ते "बरं". त्याला शब्द माहीत होता. मी तोंडघशी पडू नये म्हणून तो बिचारा आधी फोटो बघून घेणार असेल, आणि मी त्याला चारचौघांत झापलं. माफी मागायची ती जागा होती. मी काय केलं? पोस्ट डिलीट केली, सगळ्यांसाठी. त्याला दिलेलं उत्तरही डिलीट केलं. कुणीतरी विचारलं, काय झालं, तर मी लिहिलं, "संशोधन अजून अपुरं आहे." किती भारदस्त वाक्य!

आईला मात्र काही सांगितलं नाही. तिचं वय झालंय, तिला त्रास होईल, असं मी स्वतःला समजावलं. धादांत खोटं. खालच्या मजल्यावरच्या बायका काय म्हणतील, याचीच मला धास्ती होती. दगडी घर दाखवून झालं होतं, पेढे वाटून झाले होते, आणि आता हे.

चारेक दिवसांनी आईने जाड कागद आणि स्केचपेन मागवलं. "त्याचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहून दे. आजीच्या फोटोखाली लावते. चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे."

मी लिहायला बसले. तीन कागद फाडले. पोटची लिहिलं तर खोटं, अनौरस लिहायला हात धजेना. शेवटी सरळ लिहिलं, 'पुण्यातली माझी मुलगी हिला'. खाली रेघ मारली. अक्षर सुरेख आलं होतं.

आईने कागद खिडकीपाशी नेला. एकदा वाचला, परत वाचला.

"पोटची कुठंय?"

"मुलगी म्हणजे पोटचीच की गं. तेच ते."

"तेच असतं तर त्याने वेगळं कशाला लिहिलं असतं? काय शब्द आहे तो?"

मग मात्र मला खोटं बोलवेना. सांगितलं. ईमेल वाचून दाखवली, मी सोडून दिलेल्या ओळीसकट. ग्रुपवरून पोस्ट काढल्याचंही सांगितलं, आणि का काढली तेही. बोलताना मी खाली फरशीकडे बघत होते, वर्गात चोरी पकडलेल्या पोरीसारखी.

आई रडली नाही. ती कागद मांडीवर ठेवून बसली.

"लग्नाचं नव्हतं ते आजीलाही माहीत होतं," ती म्हणाली. "मलाही माहीत होतं. मंडईला तर रोजच माहीत होतं. त्याच्या बहिणीला, भाच्याला माहीत नसणार. त्यांच्यासमोर त्याने लिहिलं."

तिने माझ्या सुरेख अक्षरावर बोट ठेवलं.

"आणि तू खोडलंस."

तिने कागद माझ्या हातात दिला, नवा लिहून आण म्हणाली, त्याचा शब्द आहे तसा. मी 'नॅचरल डॉटर' तसंच ठेवून तो लिहून दिला. तो आता आजीच्या फोटोखाली आहे आणि घरी येणारा प्रत्येक जण तो वाचतो. ग्रुपवर मात्र मी अजून काही टाकलेलं नाही. मावसभावाला फोनही केलेला नाही. आई रोज विचारते, टाकलंस का? मी म्हणते, टाकते.