त्रेचाळीसचा चौकोन

अढीतल्या हापूसचा वास आला की मला दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या वर्षीची रत्नागिरीतली आमची शाळा आठवते. शाळा तपासायला आलेल्या सरकारी दिपोटींनी मूलद्रव्यांच्या तक्त्यातल्या त्रेचाळीसच्या रिकाम्या चौकोनावर छडी ठेवून विचारलं, "इथे काय?" मी मुंबईच्या मासिकात वाचलं होतं. म्हटलं, "ते निसर्गात सापडेना, म्हणून शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत तयार केलं." ते भडकले. "माणसानं केलेलं ते मूलद्रव्य कसलं?" गुरुजी मागून कुजबुजले, "चुकले म्हण गो बाय." दिपोटींच्या पुढ्यात हापूसच्या फोडी होत्या. मी म्हटलं, "हापूसही माणसानंच कलम बांधून केला, साहेब. मग तो आंबा नव्हे?" मला शून्य देऊन त्यांनी फोड तोंडात टाकली. आज नातीच्या पुस्तकात तो चौकोन भरलेला आहे, आणि मी अजून चुकले म्हटलेलं नाही.