गॅस संपत नसतो

नसरापूरचा तो एसी मेकॅनिक कायम चिडलेला असायचा. माझ्या जुन्या गाडीचा एसी थंड करेनासा झाला की मी त्याच्याकडे जायचो. "गॅस काय पेट्रोल हाय व्हय संपायला? गळतोय त्यो!" असं डाफरून तो पाइपाच्या जोडांना साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडा येईपर्यंत हलायचा नाही.

यंदा मे महिन्यात मी म्हणालो, "गळती राहू द्या, नुसता गॅस भरा. उद्या गाडी विकायचीय."

"घेनार कोन?"

"वेल्ह्याचे एक जण. आईला डायलिसिसला पुण्याला न्यायला."

त्याने गॅस भरायला लावलेली नळी उपसली आणि बॉनेट धाडकन आपटलं. "म्हंजी चार दिसांत ती म्हातारी उनात उकडनार, आन् त्यात हात माजा? न्हाई भरत. जावा!"

चारचौघांत अपमान झाला. "गाडी माझी आहे," मी ओरडलो.

"मंग गळती बी तुमचीच," तो म्हणाला आणि दुसऱ्या गाडीकडे वळला.

मी तणतणत भोरला परतलो. सकाळी वेल्ह्याचे गृहस्थ आईला घेऊनच आले. दंडाला पट्टी बांधलेली ती बाई मागच्या सीटवर बसून बघू लागली. मला तिच्याकडे बघवेना.

"एसी गळतोय," मी म्हणालो. "दुरुस्त करूनच गाडी देतो."