फाटलं, पण सुटलं नाही

इन्शिराहबाई अलेक्झांड्रियाच्या कारखान्यात तीस वर्षे सीलंट बनवत होत्या. त्यांचे काळे सीलंट हवेतला दमटपणा शोषून घट्ट होई आणि बसची पुढची काच धरून ठेवी. समुद्राकाठी ते कधी फसले नव्हते. अस्वानच्या बस कारखान्यात मात्र तीन दिवसांनीही ते आतून मऊच राहिले.

“माल गाडीत चढवलाय, परत पाठवतोय,” तिथल्या मुख्य कारागिराने, उस्ता बशंदीने, फोनवर सांगितले.

बाईंनी गाडी थोडे दिवस थांबवायला सांगितली. त्यांना चूक उमगली होती. तिथल्या कोरड्या हवेत सीलंटला प्यायला पाणीच नव्हते. त्यांनी पाणी धरून ठेवणारी पांढरी पेस्ट तयार केली, सीलंटमध्ये मिसळून लावायची, आणि ती घेऊन स्वतः अस्वान गाठले.

तिथे पेस्ट मिसळलेल्या सीलंटने त्यांनी एक काच पत्र्याला चिकटवली. दुसऱ्या दिवशी बशंदीने ती काच यंत्राने ओढली. बराच वेळ ती हलेना. शेवटी सीलंट मधोमध फाटले.

“घ्या! एवढ्या लांबून आलात, आणि फाटलं की हो, इंजिनियरबाई!”

“डोळे आहेत की बटणं, उस्ता? काचेवर बोट फिरवा. आता पत्र्यावर.”

दोन्हीकडे काळा थर घट्ट बसला होता. नखानेही निघेना.

“फाटलं, पण सुटलं कुठे?” बाई म्हणाल्या. “काचेवरून सुटलं असतं, तर मी तोंड लपवून गेले असते.”

बशंदीने आणखी एकदा खरवडून पाहिले. मग दाराकडे वळून तो ओरडला, “गाडीतला माल उतरवा रे! आणि बाईंना चहा आणा!”

बाईंनी फाटलेले सीलंट चिकटलेली ती काच रुमालात गुंडाळली. प्रयोगशाळेत सगळ्यांना दाखवायची होती.